जबड्यासाठी नडगीचे हाड : भीती आणि वस्तुस्थिती



शाळेच्या विज्ञान-प्रश्नपेटीत गेल्या सत्रात पुष्कळ चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या एका चिठ्ठीने आम्हांला थोडे थांबवले. आठवीतल्या एका विद्यार्थ्याने लिहिले होते, "आजोबांच्या जबड्यात हाड कमी आहे म्हणून डॉक्टर पायाचे हाड काढून तिथे घालणार आहेत. आजी नको म्हणते. पायाचे हाड काढल्यावर आजोबा चालणार कसे?"

प्रश्न मुलाचा असला तरी भीती मोठ्यांचीच आहे. 'नडगीचे हाड काढणार' हे शब्द कानावर पडले की डोळ्यांसमोर कुबडी उभी राहते. मग शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, कधी कायमची रद्द होते, आणि माणूस उरलेले आयुष्य पातळ भातावर काढतो. म्हणून या अंकात हा विषय जरा सविस्तर मांडण्याचे आम्ही ठरवले. कोणी ही शस्त्रक्रिया करावीच किंवा करूच नये, असा सल्ला आम्ही देत नाही. तो अधिकार रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा आहे. परंतु होकार असो वा नकार, तो समजून-उमजून दिलेला असावा, एवढाच आमचा हेतू आहे.

जबड्यातले हाड कमी का होते?

आपले दात जबड्याच्या हाडातील खोबणींत रोवलेले असतात. खोबणींचे हे हाड जणू दातांसाठीच असते. चावताना दातावर पडणारा दाब त्या हाडाला सतत मिळत असतो आणि त्यावरच ते टिकून राहते. दात पडला किंवा काढला की दाब थांबतो आणि हाड हळूहळू झिजू लागते. पहिल्या वर्षात झीज जास्त होते, पुढे ती मंद गतीने चालूच राहते. फार वर्षे दात नसलेल्या वृद्धांची हनुवटी पुढे आलेली व गाल बसलेले दिसतात, ते यामुळेच.

वरच्या जबड्यात आणखी एक अडचण असते. मागच्या दाढांच्या वर, गालाच्या हाडाच्या आत, हवेने भरलेली एक पोकळी असते. तिला आपण सायनस म्हणतो. दाढा गेल्यावर ही पोकळी खाली पसरते. वरून पोकळी पसरते, खालून हाड झिजते, आणि मधे कधी कधी पापडासारखा पातळ थर उरतो. तिथे कृत्रिम दाताचा टायटेनियमचा खुंटा बसवायचा तर तो धरायला हाडच नसते.

झीज हे एकच कारण मात्र नाही. जबड्यात गाठ किंवा पाण्याची पिशवी झाली तर ती काढल्यावर पोकळी राहते. अपघातात मोडलेला जबडा कधी कधी नीट सांधत नाही. काही बाळे जन्मतःच फाटलेला ओठ व हिरडी घेऊन येतात आणि त्यांच्या हिरडीच्या हाडात फट असते. शेवटचे कारण आपल्या देशात दुर्दैवाने फार आढळते, ते म्हणजे तोंडाचा कर्करोग. त्यात रोगासह जबड्याचा तुकडाच काढून टाकावा लागतो.

या सर्व ठिकाणी हाडाची भर घालावी लागते. हे हाड आणायचे कोठून?

आपलेच हाड आपल्याला

आंब्याचे कलम आपल्याला ठाऊक आहे. एका झाडाची जिवंत फांदी दुसऱ्या झाडाला बांधली की दोन्ही एकजीव होतात. हाडाच्या बाबतीतही डॉक्टर 'कलम' हाच शब्द वापरतात, त्याला अस्थिरोपण असेही म्हणतात. फरक एवढाच की आंब्यात दोन झाडे असतात, आणि येथे शक्यतो एकाच माणसाच्या शरीरातील दोन जागा असतात.

शरीराचा एक भाग दुसऱ्या जागी नेऊन बसवण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक दुरुस्त करण्याची कृती सांगितली आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळ झालेल्या अशाच एका शस्त्रक्रियेचे वर्णन छापले. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रजी सैन्यातील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले गेले होते. वीटकामाचा व्यवसाय असलेल्या जातीतील एका कारागिराने त्याच्याच कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. युरोपातल्या शल्यविशारदांनी या वृत्तांताची दखल घेतली. स्वतःच्या शरीराचा भाग शरीर परके मानत नाही, हे तत्त्व त्या कारागिराच्या हाताला ठाऊक होते.

हाडाच्या बाबतीत हे तत्त्व अधिकच उपयोगी पडते. प्राण्यांच्या हाडापासून केलेली भुकटी, हाडपेढीतील हाड, कारखान्यात बनवलेले खनिज अशा वस्तू आज मिळतात आणि लहानसहान जागी त्या चांगले कामही देतात. परंतु रुग्णाच्या स्वतःच्या ताज्या हाडात तीन गुण एकत्र असतात.

पहिला गुण जिवंत पेशींचा. ताज्या हाडात हाड घडवणाऱ्या पेशी असतात. दह्याचे चमचाभर विरजण दुधात घातले की सगळ्या दुधाचे दही होते, तशा या पेशी नव्या जागी कामाला लागतात.

दुसरा गुण निरोप देण्याचा. हाडात काही प्रथिने असतात. ती भोवतालच्या साध्या पेशींना 'हाड घडवा' असा निरोप देतात. अमेरिकन शास्त्रज्ञ मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये या गुणाचा शोध जगापुढे मांडला.

तिसरा गुण आधाराचा. वेलीला जसा मांडव लागतो तसा नव्या रक्तवाहिन्यांना व पेशींना चढायला सांगाडा लागतो. हाडाची जाळी तो सांगाडा पुरवते. कारखान्यातल्या बहुतेक पर्यायांत हा तिसरा गुणच तेवढा असतो. स्वतःच्या ताज्या हाडात तिन्ही असतात, म्हणून ते आजही कसोटीचे माप मानले जाते.

हाडाच्या आत काय असते?

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. हाड म्हणजे भरीव दगडी खांब नव्हे. बाहेर घट्ट, कठीण कवच असते, आणि लांब हाडांच्या टोकांशी आत मऊसर, जाळीदार हाड असते. पाव तोडून पाहा. बाहेरची पापडी आणि आतला सच्छिद्र भाग, साधारण तशीच ही रचना. या जाळीच्या छिद्रांत मज्जा असते आणि जिवंत पेशींची दाटी असते.

आता पालथी मांडी सोडून खुर्चीवर बसा आणि गुडघा वाकवून बोटांनी चाचपा. गुडघ्याच्या वाटीखाली, मधोमध, नडगीवर एक ठळक उंचवटा लागेल. तेथून बोट पायाच्या बाहेरच्या बाजूला आणि किंचित वर न्या. दुसरा एक लहानसा उंचवटा हाताला लागेल. पॅरिसचे शल्यविशारद पिएर निकोला गर्डी (१७९७ ते १८५६) यांच्या नावावरून त्याला गर्डीचा उंचवटा म्हणतात. येथे त्वचा आणि हाड यांच्यामध्ये फार काही नसते. मोठी रक्तवाहिनी किंवा महत्त्वाची नस या जागेवरून जात नाही. कवच पातळ असते, आणि आत जाळीदार हाडाचे भांडार असते.

डॉक्टर 'नडगीचे हाड घेणार' म्हणतात, तेव्हा ते याच भांडारातला गर घेणार असतात. नडगीचे हाड जागच्या जागी राहते. खांब तसाच उभा असतो.

जुनी पद्धत आणि नवी पद्धत

आजीबाईंची भीती मात्र अगदीच निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. नडगीचा उपयोग शंभर वर्षांहून जुना आहे. न्यूयॉर्कचे डॉ. फ्रेड आल्बी यांनी क्षयाने पोखरलेल्या पाठीच्या मणक्यांना आधार देण्यासाठी नडगीची पट्टी बसवण्याची पद्धत १९११ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकांतून डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे जबडे गोळ्यांनी व तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी उडाले. त्यांच्यासाठी युरोपातल्या रुग्णालयांत नडगीच्या पट्ट्या वापरल्या गेल्या.

त्या काळी नडगीच्या मधल्या भागातून कठीण कवचाची लांब पट्टी कापून घेत. पट्टी मजबूत असे खरी, पण ज्या भागावर शरीराचा भार त्याच भागाचे कवच गेल्याने पाय मोडण्याचा धोका राही आणि रुग्णाला दीर्घकाळ जपून चालावे लागे. म्हणून पुढील काळात डॉक्टरांचा कल कमरेच्या हाडाकडे गेला. पोटाच्या बाजूला पट्टा बांधतो तेथे हाताला लागणारा हाडाचा कंगोरा, तेथून हाड घेऊ लागले. आजही मोठ्या प्रमाणात हाड हवे असेल तर कमरेचीच निवड होते. पुढच्या बाजूने सुमारे ५० आणि मागच्या बाजूने १०० घनसेंटीमीटरच्या आसपास जाळीदार हाड तेथे मिळू शकते. मात्र पूर्ण भूल द्यावी लागते, काही दिवस चालताना कंबर दुखते, आणि काहींना मांडीच्या बाहेरच्या भागात बधिरपणा जाणवतो.

१९९१ मध्ये अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांनी नडगीच्या वरच्या टोकातून जाळीदार हाड घेतलेल्या २३० शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात उपद्रवांचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आढळले. लगेच पुढच्या वर्षी, १९९२ मध्ये, जबड्याच्या शल्यविशारदांनी ही पद्धत आपल्या कामासाठी वापरल्याचा अहवाल दिला. हाड तेच, पण मधल्या भागाऐवजी वरचे टोक, आणि कवचाच्या पट्टीऐवजी आतला गर. या बदलामुळे नडगी पुन्हा उपयोगात आली. २००३ मध्ये पायाच्या आतल्या बाजूने जाण्याचा पर्यायही प्रसिद्ध झाला.

शस्त्रक्रिया कशी होते?

रुग्णाला उताणे झोपवून गुडघ्याखाली उशी ठेवतात. पायापुरती भूल आणि सोबत गुंगीचे औषध एवढ्यावर हे काम होऊ शकते. जबड्याचे काम मोठे असेल तर पूर्ण भूल देतात. गर्डीच्या उंचवट्यावर साधारण दोन-तीन सेंटीमीटरचा छेद घेतात. हाडावरचे पातळ आवरण बाजूला सारतात आणि कवचाला सुमारे एक सेंटीमीटर व्यासाची खिडकी पाडतात.

ही खिडकी शक्यतो गोल किंवा लंबगोल ठेवतात. का, ते विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावे. कागदाच्या एका पट्टीत चौकोनी भोक पाडा, दुसरीत गोल, आणि दोन्ही पट्ट्या सारख्याच ताणा. चौकोनी भोकाची पट्टी कोपऱ्यातून फाटण्याचा संभव जास्त असतो, कारण टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो. हाडाचेही तसेच आहे.

खिडकीतून लहान, धारदार चमच्यासारख्या हत्याराने गर खरवडून काढतात. हत्याराचे तोंड गुडघ्याच्या सांध्याकडे जाऊ देत नाहीत. वरच्या बाजूला सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग असतो, त्याला आधार देणारा हाडाचा थर शाबूत राहिलाच पाहिजे. या मार्गाने साधारण २५ ते ४० घनसेंटीमीटर गर मिळू शकतो. आपला चहाचा चमचा ५ घनसेंटीमीटरचा धरला तर पाच ते आठ चमचे झाले. गर लगेच खाऱ्या द्रावणात ठेवतात, म्हणजे पेशी वाळत नाहीत. मग थरांनी टाके घालून पायाला घट्ट पट्टी बांधतात.

इकडे जबड्यातील जागा तयार केलेली असते. तेथे हा गर दाबून भरतात. तो लापशीसारखा मऊ असल्याने स्वतःचा आकार धरत नाही, म्हणून गरजेप्रमाणे टायटेनियमची जाळी, पट्टी किंवा पडदा वापरून त्याला जागेवर ठेवतात. वरून हिरडी पूर्ण शिवून घेणे फार महत्त्वाचे असते, कारण तोंडातील लाळ व जंतू आत गेले तर कलम धरत नाही.

कलम धरते म्हणजे काय होते?

पहिले काही दिवस रोपलेल्या पेशींना स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. भोवतालच्या द्रवातून मिळेल तेवढ्यावर त्या तग धरतात. सगळ्याच जगतात असे नाही. जाळीदार हाड सच्छिद्र असल्याने कडेच्या जिवंत भागातून बारीक रक्तवाहिन्या त्यात चटकन शिरतात. टिकलेल्या पेशी पहिल्या काही आठवड्यांत नवे, कच्चे हाड घालू लागतात. पुढील महिन्यांत शरीर हे कच्चे हाड थोडे थोडे काढून त्या जागी पक्के हाड घालते. जुन्या वाड्याची भिंत एकदम न पाडता दगड दगड बदलून नवी करावी, तसे हे काम चालते. साधारण चार ते सहा महिन्यांनी क्ष-किरण चित्रावर भरलेली जागा तपासून डॉक्टर दाताचे खुंटे बसवायचे की थांबायचे ते ठरवतात.

पायाच्या खिडकीचे काय? तेथेही हाड भरून येते. आधी रक्ताची गाठ, मग कच्चे हाड, मग जाळी. याला काही महिने लागतात, पण ही उसनवारी शरीर आपण होऊन फेडते.

मग आजोबा चालणार का?

हो. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे राहून चालतात. पायावर भार टाकण्याची मुभा डॉक्टर सहसा लगेच देतात. मात्र चालणे वेगळे आणि उड्या मारणे वेगळे. धावणे, जिने दडदड उतरणे, जड ओझे उचलणे, खेळणे हे किमान सहा आठवडे, काहींच्या बाबतीत तीन महिन्यांपर्यंत बंद ठेवावे लागते. खिडकी भरून येईपर्यंत पायाला पिळवटणारा धक्का बसू नये, हा त्यामागचा हेतू आहे.

घरच्यांना घाबरवणारी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दोन-तीन दिवसांनी गुडघ्याखाली काळानिळा डाग दिसतो आणि तो पुढे घोट्यापर्यंत उतरतो. आत साचलेले थोडे रक्त खाली सरकल्याचा तो परिणाम असतो आणि तो बहुधा आपोआप जातो. परंतु पोटरी फुगून दुखू लागली, ताप आला, टाक्यांतून पू आला किंवा चालताना एकाएकी तीव्र कळ आली, तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. जंतुसंसर्ग, व्रणाभोवतीचा बधिरपणा आणि क्वचित हाड मोडणे हे उपद्रव कमी असले तरी शून्य नाहीत.

तोंडाचे पथ्य पायापेक्षा कडक असते. काही आठवडे मऊ खिचडी, वरण-भात, पेज. पोहे-जलेबी आणि सराफ्याची फेरी थोडी लांबणीवर. सायनसखाली भर घातली असेल तर नाक जोराने शिंकरायचे नाही. आणि तंबाखू, विडी, सिगारेट पूर्ण बंद, कारण तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही आणि कलम वाया जाण्याचा धोका वाढतो.

कोणासाठी ही पद्धत नाही?

सर्वप्रथम, वाढत्या वयाची मुले. नडगीच्या वरच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते. उंची वाढते ती अशा पट्ट्यांतून, आणि नडगीच्या लांबीतील निम्म्याहून अधिक वाढ या वरच्या पट्टीतून होते. तिला इजा झाली तर पाय आखूड किंवा वाकडा वाढू शकतो. पट्टी साधारण सोळा ते अठराव्या वर्षापर्यंत बंद होते, मुलींमध्ये थोडी लवकर. तोपर्यंत येथून हाड घेणे सर्वसाधारणपणे टाळतात. काही शल्यविशारदांनी मुलांसाठी वेगळी काळजी घेऊन ही पद्धत वापरली आहे, पण त्यावर एकमत नाही. फाटलेल्या हिरडीच्या मुलांना नऊ ते अकरा वर्षांच्या सुमारास, सुळा येण्यापूर्वी, हाडाची भर घालतात. त्यांच्यासाठी बहुधा कमरेचेच हाड घेतात. आपल्या शाळेतील अशा मुलांच्या पालकांनी हे जरूर लक्षात ठेवावे, आणि ही वेळ चुकवू नये.

दुसरे, ज्यांच्या त्या गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवला आहे, ज्यांना गुडघ्याची तीव्र संधिवाताची व्याधी आहे किंवा हाडे फार ठिसूळ झाली आहेत असे रुग्ण. ठिसूळपणावरची काही औषधे जबड्याच्या हाडालाही बाधक ठरू शकतात. ती घेत असल्यास, तसेच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा मधुमेहाचे औषध चालू असल्यास, डॉक्टरांना न विचारताच सांगावे.

तिसरे, ज्यांच्या जबड्याचा मोठा तुकडाच गेलेला आहे असे रुग्ण. येथे थोडे गणित करू. खालच्या जबड्यात आरपार फट असेल तर दर सेंटीमीटरला सुमारे १० घनसेंटीमीटर गर लागतो, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. नडगीतून जास्तीत जास्त ४० घनसेंटीमीटर मिळाला तरी चार सेंटीमीटरच्या पलीकडे तो पुरणार नाही. कर्करोगात याहून लांब तुकडा काढावा लागतो, आणि पुढे किरणोपचार झाले की त्या जागेचा रक्तपुरवठाही दुबळा होतो. नुसता गर तेथे तग धरत नाही.

अशा वेळी नडगीची शेजारीण मदतीला येते. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आपल्याला दोन हाडे असतात. पुढची जाड नडगी आणि बाहेरच्या बाजूची काडीसारखी बारीक फिब्युला. शरीराचा बहुतेक भार नडगी पेलते. म्हणून फिब्युलाची वरची व खालची टोके राखून मधला वीस-पंचवीस सेंटीमीटरपर्यंतचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढता येतो. तो जबड्याच्या वळणाप्रमाणे कापून बसवतात आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेतील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. न्यूयॉर्कचे डॉ. डेव्हिड हिडाल्गो यांनी जबड्यासाठी ही पद्धत १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. ही शस्त्रक्रिया कित्येक तासांची, मोठ्या रुग्णालयात होणारी असते. पुष्कळदा 'पायाचे हाड जबड्यात' म्हणताना लोकांच्या मनात ही मोठी शस्त्रक्रिया असते आणि नडगीच्या लहान खिडकीलाही तीच भीती चिकटते. आपल्या रुग्णासाठी या दोहोंपैकी नेमकी कोणती सुचवली आहे, हे आधी स्पष्ट करून घ्यावे.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी

आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे, असा एक संकोच असतो. तो सोडावा. पालकांनी व घरातील वडीलधाऱ्यांनी पुढील प्रश्न वहीत लिहून न्यावेत.

१. जबड्यात नेमकी किती भर हवी आहे? लहान जागेसाठी तोंडातीलच हाड किंवा हाडपेढीचा पर्याय पुरेल का?
२. हाड कोठून घेणार? नडगीतला गर, कमरेचे हाड की फिब्युला? तीच जागा का?
३. भूल कोणत्या प्रकारची? रुग्णालयात किती दिवस राहावे लागेल?
४. पायावर भार कधी टाकायचा आणि कोणत्या हालचाली किती दिवस बंद?
५. कलम धरले नाही तर पुढे काय करणार?
६. दात बसेपर्यंत एकूण किती महिने आणि किती खर्च?

शंका उरली तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात काहीच गैर नाही. आपल्या इंदूरमध्ये शासकीय दंत महाविद्यालय आहे, तेथे जाऊनही विचारता येते.

दुरुस्तीपेक्षा जपणूक

एवढे सगळे लिहिल्यावर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. डॉक्टरांनी नडगीतून, कमरेतून, फिब्युलातून हाड आणून बसवले, तरी देवाने दिलेल्या जबड्याची सर त्याला पूर्णपणे येत नाही. आणि आपल्याकडे जबडा गमावण्याचे एक मोठे कारण टाळता येण्याजोगे आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रुग्ण झाले. तंबाखू त्याचे प्रमुख कारण. नुसत्या सुपारीनेही माणसाला कर्करोग होतो, असा निष्कर्ष याच संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. 'आम्ही तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. सुपारीने गालाच्या आतले अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे प्रत्येकाने पाहावे. जात नसतील, किंवा पंधरा दिवसांत न भरणारा फोड, पांढरा वा लाल चट्टा दिसला, तर दंतवैद्यांना लगेच दाखवावे.

आपल्या मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत ते कोणालाच विकता येत नाहीत. शाळेच्या फाटकापासून एकदा टेपने अंतर मोजावे आणि त्या कक्षेत कोणती दुकाने येतात त्याची नोंद करावी, अशी आमची विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे. आठवी-नववीचे विद्यार्थी भूमितीच्या तासाला हे काम आनंदाने करतील.

आणि ज्यांच्या घरी आज हा निर्णय समोर आहे त्यांना एवढेच सांगू, की नडगीतला गर काही महिन्यांनी भरून येतो. प्रश्न विचारा, समजून घ्या, मग ठरवा. प्रश्नपेटीत चिठ्ठी टाकणाऱ्या विद्यार्थ्याने हा अंक घरी आजीला वाचून दाखवावा.